बारावी केबल

ज्याने चौतीस वर्षे इतरांच्या वह्यांतील चुका तांबड्या शाईने खुणावल्या, त्याच्यावर स्वतःची चूक लिहून काढण्याची वेळ आली म्हणजे लेखणी अडखळते, याचा अनुभव आम्ही सध्या घेत आहोत. विषय संगणकाचा आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पाठशाळेत थोडेबहुत व्याकरण आणि न्याय शिकलो, आणि शाळेत मुलांना संस्कृत शिकवीत निवृत्त झालो. तेव्हा संगणकावर आम्ही लिहावे हे काहींस आगाऊपणाचे वाटेल. तथापि जे घडले ते आमच्या घरात व आमच्याच हातून घडले. त्याअर्थी ते सांगण्याचे कर्तव्यही आमच्याकडेच येते.

कोल्हापुरास मंगळवार पेठेत आमचे जुने घर आहे. खाली आम्ही उभयता, वर पुतण्या, सूनबाई व त्यांचा मुलगा, स्वयंपाक एकच. ओसरीला लागून कोठीची लांबट खोली आहे. वर्षाचे धान्य भरण्याची रीत गेली तशी ती रिकामी पडली. २०२० साली शाळा बंद झाल्या व तीन-तीन भावंडांत एका मोबाईलवर शिक्षण चालू झाले, तेव्हा आसपासची मुले आमच्या ओसरीवर येऊन बसू लागली. त्यातूनच पुढे कोठीच्या खोलीत अभ्यासिका निघाली. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून जमीन आणि पैसा दिला, त्या गावात एक रिकामी खोली मुलांना मोकळी करून देणे ही काही मोठी गोष्ट नव्हे.

२०२३ च्या पावसाळ्यात एका कार्यालयाने आपले जुने झालेले बारा संगणक अभ्यासिकेस देऊ केले. टेम्पोने ते घरी आले, मुलांनी उचलून आत नेले. उघडून पाहतो तो एकातही हार्ड डिस्क नव्हती. कार्यालयातील कागदपत्रे बाहेर जाऊ नयेत म्हणून संगणक देण्यापूर्वी डिस्का काढून घेतात, आणि तसे करणे योग्यच आहे. परंतु डिस्क नाही म्हणजे संगणकास स्मरण नाही. बारा डिस्का विकत घ्याव्यात तर वर्गणीतील पैसे टेबले, वायरिंग व केबली जोडण्याचा स्विच यांतच संपले होते.

या वेळी पुढे आला तो आमचा नातू, म्हणजे आमच्या कैलासवासी वडील बंधूंचा नातू. तो आम्हांस नानाआजोबा म्हणतो. पुण्यास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात दोन वेळा अनुत्तीर्ण होऊन तो घरी परत आला होता. घरात त्यास कोणी रागावत नव्हते. पण फारसे कोणी बोलतही नव्हते. बाप-लेकांचे संभाषण "जेवलास का" आणि "हो" एवढ्यावर येऊन थांबले होते. अशा मुलाने एके दिवशी कोठीच्या दाराशी उभे राहून म्हटले, "आजोबा, डिस्क नसली तरी चालतं. मी करून देऊ?" आम्ही होकार दिला. खरे सांगावयाचे तर संगणकांपेक्षा त्याच्या तोंडून निघालेल्या त्या वाक्याचाच आम्हांस अधिक आनंद झाला.

त्याने काय केले ते आधी सांगितले पाहिजे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. त्यांच्या खोलीत ना चूल, ना धान्य; सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी पान मांडलेले असे, आणि तेवढ्यावर त्यांची विद्या पुरी होई. बिनडिस्कचा संगणक अगदी तसाच. त्याच्यापाशी स्वतःचे काही नाही. जे लागेल ते तो केबलीवाटे दुसऱ्या एका संगणकाकडून, म्हणजे सर्व्हरकडून, मागून घेतो. यास नेटवर्क बूट म्हणतात. आणि त्यास जे वाढावयाचे ते म्हणजे लिनक्सची लाइव्ह इमेज. लिनक्सचा गाभा हेलसिंकीच्या लायनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केला. त्याभोवती जगभरच्या लोकांनी पुष्कळ प्रोग्राम जुळवले. त्यांपैकी डेबियन नावाची परंपरा १९९३ पासून चालत आली आहे, आणि आपल्या सी-डॅक संस्थेची बॉस ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. ही सर्व सामग्री कोणासही विनामूल्य घेता व वाटता येते. लाइव्ह इमेज म्हणजे संपूर्ण प्रणाली दाबून-चेपून एका फाइलीत बसवलेली, जी संगणकावर कायमची न बसवताच चालते. २००० साली क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थांनी क्नॉपिक्स या नावाने एका सीडीवरून चालणारी अशी प्रणाली काढली, तिने हा प्रकार लोकप्रिय केला. हिचा एक गुण आम्हां मास्तरांना फार आवडण्याजोगा आहे. मुलांनी दिवसभर जे काही इकडचे तिकडे केले असेल ते संगणक बंद करताच पुसले जाते, आणि सकाळी पाटी पुन्हा कोरी. जपून ठेवावयाचे लेखन तेवढे सर्व्हरवर निराळ्या कप्प्यात ठेवावयाचे.

आता संगणकास हे अन्न मिळते कसे? प्रोग्राम आणावयाचा तर तो आणणारा प्रोग्राम हवा, त्यास आणावयाचा तर आणखी एक हवा. न्यायशास्त्रात यास अनवस्था म्हणतात. ही अनवस्था तोडण्यासाठी नेटवर्क कार्डावरच एक लहानसा प्रोग्राम कायमचा कोरून ठेवलेला असतो. त्याच्या पद्धतीस पीएक्सई म्हणतात, तिचा २.१ हा आराखडा इंटेल कंपनीने १९९९ साली प्रसिद्ध केला. तेथून पुढे पाच उंबरठे आहेत, आणि पुढील हकीगतीसाठी वाचकांनी ते ध्यानात ठेवावेत.

पहिला उंबरठा केबलीचा. ती नीट जोडलेली नसेल तर पडद्यावर ई६१ असा आकडा येतो. दुसरा पत्त्याचा. नवा संगणक कोणासच ओळखत नाही, म्हणून तो सर्व जाळ्यास उद्देशून हाक मारतो, की मला पत्ता द्या. हा व्यवहार डीएचसीपी या १९९३ सालच्या नियमाने चालतो आणि लग्न जुळवण्याच्या बोलाचालीसारखा चार वाक्यांत आटोपतो: मागणी, देकार, स्वीकार, निश्चय. कोणीच उत्तर दिले नाही तर ई५१. तिसरा उंबरठा फाइलीचा. पत्त्याबरोबरच पहिली फाइल कोणती व ती कोणाकडे आहे हे सांगितले जाते. नावच मिळाले नाही तर ई५३. नाव मिळूनही फाइल आली नाही तर ई३२. ही फाइल टीएफटीपी या १९८१ सालच्या साध्या नियमाने येते. तिची रीत शुद्धलेखन घालण्याची आहे. मास्तर एक वाक्य सांगतात, मुले "झालं" म्हणतात, मग पुढचे वाक्य. येथे वाक्याच्या ठिकाणी मुळात ५१२ बाइटांचा तुकडा असतो, एवढेच. चौथ्या उंबरठ्यावर लिनक्सचा गाभा व त्याबरोबर एक तात्पुरती शिदोरी येते. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. कार्डावरील तो लहान प्रोग्राम आपले काम संपवून निघून जातो, आणि त्यास मिळालेला पत्ता मागाहून आलेल्यास ठाऊक नसतो. म्हणून गाभा पुन्हा एकदा जाळ्यास पत्ता मागतो. तो मिळाला म्हणजे पाचव्या उंबरठ्यावर लाइव्ह इमेजची मोठी फाइल हाती येते आणि पडदा उजळतो.

ऑक्टोबरच्या आरंभी नातवाने पहिली चाचणी घेतली. बारांपैकी आठ संगणक चालू झाले. चार पाचव्या उंबरठ्यावर अडले. प्रत्येक वेळी तेच चार. आम्ही म्हणालो, केबली बदलून पाहा. त्याने अडलेल्या संगणकास चालत्याची केबल लावली. तो अडलेलाच राहिला, व चालता होता तो दुसऱ्या केबलीवरही चालला. मग त्याने सर्वांची स्मृती, म्हणजे रॅम, मोजली. आठांत चार गिगाबाइट होती, त्या चारांत दोनच. इमेज होती अडीचच्या आसपास, आणि ती सबंधची सबंध स्मृतीत उतरवून घेण्याची व्यवस्था त्याने केली होती. दोन पायलीच्या मापात अडीच पायली कशी मावणार? खात्रीसाठी त्याने एका चालत्या संगणकातील रॅमच्या पट्ट्या काढून अडलेल्यात बसवल्या, त्याच्या पट्ट्या ह्यात घातल्या. तो बिघाडही पट्ट्यांबरोबर इकडून तिकडे गेला.

हे पाहून आम्ही खुर्चीवरून उठलो. त्यास सांगितले की, तू आता जे केलेस त्यास आमच्या शास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जे असता कार्य घडते आणि जे नसता घडत नाही, ते कारण. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, बाकी सर्व जागच्या जागी ठेवावयाचे. तो हसला. पुण्याहून आल्यापासून त्याचे हसणे आम्ही प्रथमच पाहत होतो. पुढे त्याने इमेज स्मृतीत उतरवण्याची रीत सोडली व एनएफएस नावाची दुसरी लावली, जिच्यात सबंध फाइल न आणता लागेल तेवढेच पान सर्व्हरवरून वाचले जाते. रविवारी, २२ ऑक्टोबरास, अष्टमीच्या संध्याकाळी बाराही संगणक एकामागून एक उजळले. विजयादशमीस सकाळी दहा वाजता अभ्यासिकेचा हा नवा भाग मुलांसाठी उघडावयाचा असे ठरले, व आम्ही पेठेत घरोघर जाऊन तसे सांगूनही आलो.

खंडेनवमीस आमच्या घरी शस्त्रांच्या जागी पोथ्या, विळी, शिवणयंत्र आणि आमचे जुने फाउंटन पेन यांची पूजा होते. त्या वर्षी संगणकांसही झेंडूच्या माळा पडल्या. नातू रात्री अकरापर्यंत खोलीत होता. मुलांना मराठी टंकलेखन सोपे जावे म्हणून सर्व्हरवर काही फेरफार करीत होता. तो झोपावयास गेल्यावर आम्ही एकदा खोली पाहावयास गेलो.

येथून पुढे आमची गोष्ट सुरू होते. बाराव्या संगणकाचे टेबल दाराच्या आड येत होते. पाहुणे येणार, चपला-जोडे दाराशी पडणार. ते टेबल खिडकीशी सरकवावे असे आम्हांस वाटले. सरकवले, तर केबल हातभर आखूड पडली. नातवास उठवावे असा विचार मनात आला, पण इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी पोरास कशाला उठवा? माळ्यावर घरातील जुना राउटर पडून होता. त्यास मागे चार भोके असतात, केबलीची टोके त्यांत बसतात, हे आम्ही पाहिलेले होते. एका भोकात आलेली केबल, दुसऱ्यात दुसरी जुनी केबल, तिचे टोक संगणकास. म्हणजे विजेच्या जोडपट्टीप्रमाणे काम होईल असे आम्ही मनाशी अनुमान केले. त्यास वीज दिली, हिरवा दिवा लागला. पेटी खिडकीच्या पडद्याआड कोनाड्यात ठेवली, केबली सुतळीने बांधल्या, आणि एक काटकसरीचे काम केल्याच्या समाधानात झोपी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत व ओसरीवर मिळून तीस-पस्तीस मंडळी जमली. मुले पुढे, त्यांच्या आया मागे. दिवा लावला. नातवाने बाराही संगणक एकदम चालू केले. तीन संगणक तिसऱ्या उंबरठ्यावर ई५३ दाखवून थांबले. पाच पुढे जाऊन काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत अडले. चारच उजळले. त्याने सर्व बंद करून पुन्हा चालू केले. या वेळी सहा चालले, पण ते निराळे सहा. मघाशी चाललेल्यांतील दोन आता अडले होते. मुले कुजबुजू लागली. नातवाचे कपाळ घामाने भिजले. आणि आम्ही विचारले, "काल रात्री काय चाळवलंस?" तो म्हणाला, "त्यानं असं होणार नाही, आजोबा." हे उलट उत्तर आम्हांस खपले नाही. त्या सर्व मंडळींसमक्ष, त्याचे वडील तेथे उभे असता, आम्ही बोललो: "पुण्याला जे केलंस तेच इथेही केलंस. हाती घेतलेलं एकही काम तुझ्याच्यानं तडीस जायचं नाही."

तो काही बोलला नाही. पुतण्या खाली मान घालून वर निघून गेला. मुलांस पेढे देऊन घरी पाठवले.

वाचकहो, कावळा फांदीवर बसावयास आणि ताडाचे फळ गळून पडावयास एक गाठ पडली, म्हणून कावळ्यानेच फळ पाडले असे समजणे, यास काकतालीय न्याय म्हणतात. हा न्याय आम्ही वर्गात वर्षानुवर्षे समजावून दिला. रात्री नातवाने काही बदलले, सकाळी संगणक बिघडले. आमच्या लेखी कारण सिद्ध झाले. त्याच रात्री त्याच खोलीत दुसऱ्याही कोणी काही बदलले होते, हे आम्हांस आठवले देखील नाही. कारण आपला हात हा मनुष्यास बिघाडाच्या यादीत कधी दिसतच नाही.

संध्याकाळी दसरा चौकात सोने लुटण्याचा सोहळा असतो. सारे कोल्हापूर तिकडे लोटते. आम्हीही धोतर बदलून, टोपी घालून निघालो होतो. सौ. दारात आल्या आणि म्हणाल्या, "मूल तिथं एकटं अंधारात बसलंय. त्याला तसंच ठेवून कसलं सोनं लुटायला निघालात?" आम्ही टोपी खुंटीस अडकवली आणि कोठीच्या खोलीत गेलो.

तो सर्व्हरपुढे बसला होता. आम्ही काही न बोलता शेजारी खुर्ची घेतली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुम्ही लिहून घ्याल का? मी सांगतो." आम्ही अभ्यासिकेची नोंदवही उघडली. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी विद्यार्थ्याचा लेखनिक होण्याचा तो पहिलाच प्रसंग.

त्याने प्रथम रात्रीचे आपले फेरफार काढून टाकले. संगणक तरीही अडले. तेव्हा ते कारण नव्हे, असे आम्ही लिहिले. मग त्याने सर्व्हरवरील नोंदी वाचावयास घेतल्या. पत्ते देणारा व पहिली फाइल पुरवणारा तेथील प्रोग्राम डीएनएसमास्क या नावाचा आहे, आणि तो कोणाशी काय बोलणे झाले हे ओळीओळीने टिपून ठेवतो. चाललेल्या संगणकांपुढे चारही वाक्ये होती: मागणी, देकार, स्वीकार, निश्चय. अडलेल्यांपुढे मागणी होती, आमच्या सर्व्हरचा देकार होता, आणि त्यानंतर काहीच नव्हते. स्थळ सांगून आले, होकार गेला, आणि मुलगी दुसरीकडे दिली गेली!

मग तो अडलेल्या एका संगणकापाशी गेला व पडद्यावरील पांढरी अक्षरे वाचू लागला. सकाळीही ती तेथेच होती. तीस माणसांनी पाहिली, वाचली कोणीच नाही. तेथे संगणकास मिळालेला पत्ता व तो देणाऱ्याचा पत्ता दोन्ही छापलेले होते. आमचा सर्व्हर १०.०.०.१ या पत्त्यावर राहतो. पडद्यावर होते १९२.१६८.०.१. नातू बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला व म्हणाला, "आजोबा, या जाळ्यात आणखी कोणीतरी पत्ते वाटतंय."

आता सर्व उलगडले. जाळ्यात देणारे दोन झाले होते. संगणकाने हाक मारली की दोघेही देकार देत. आमचा सर्व्हर सावध. एखादा पत्ता देण्यापूर्वी तो आधीच कोणाकडे नाही ना, हे हाक मारून पाहतो, म्हणून त्याच्या उत्तरास उशीर लागतो. दुसरा कसलाही विचार न करता उत्तर देऊन मोकळा. त्याने पत्ता दिला, पण फाइलीचे नाव त्यास ठाऊकच नव्हते. ज्यांनी त्याचे ऐकले ते ई५३ म्हणून थांबले. काही संगणकांच्या कार्डावरील प्रोग्राम जरा धिमे. ते फाइलीचे नाव सांगणाऱ्याची वाट पाहत आणि तिसरा उंबरठा ओलांडत. पण चौथ्या उंबरठ्यावर गाभा पुन्हा पत्ता मागे, पहिले येईल ते उत्तर पदरात घेई, आणि भलत्याच गल्लीचा पत्ता घेऊन आमच्या सर्व्हरचे दार शोधीत बसे. पहिले उत्तर दर वेळी कोणाचे येईल याचा नेम नाही. म्हणून दर वेळी अडणारे संगणक निराळे. रॅमच्या वेळी अडणारे चार नेमके तेच असत, यावरून दोष त्या संगणकांत आहे हे कळले होते. या वेळी ते बदलत होते, यावरूनच दोष संगणकांत नसून जाळ्यात आहे हे सकाळी कळावयास हवे होते. नातवास ते अंधुक जाणवलेही होते. त्यास बोलू दिले गेले नाही.

त्याने स्विचमधील सहा केबली उपसल्या आणि राहिलेल्या सहांवर चाचणी घेतली. सहाही चालले, तीन वेळा. म्हणजे उपद्रवी त्या उपसलेल्या सहांत. त्यांतील तीन परत लावल्या, ठीक. दहावी लावली, ठीक. अकरावी, ठीक. तो म्हणाला, "राहिली बारावी."

त्या क्षणी आम्हांस कोनाड्यातील हिरवा दिवा आठवला. पुढील गोष्ट लिहिण्यास आम्हांस सर्वांत अधिक संकोच होतो. आम्ही तेव्हाच बोलावयास हवे होते, आणि बोललो नाही. तो टॉर्च घेऊन केबलीच्या मागोमाग भिंतीच्या कडेने वाकून जाऊ लागला, आणि आम्ही हातात पेन धरून त्याच्या पाठीकडे पाहत राहिलो. कदाचित दुसरेच काही कारण निघेल अशी आशा त्या चार पावलांपुरती आमच्या मनात होती. त्याने पडदा सारला. सुतळीची गाठ पाहिली. ती गाठ आमची आहे हे घरात कोणासही सांगावे लागत नाही.

तो उठून उभा राहिला व म्हणाला, "केबल आखूड पडली होती का? मला सांगायचं ना आजोबा, माझ्याकडे मोठी होती." बस, एवढेच. ह्या वाक्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते आम्हांस सोसवेना. सकाळच्या आमच्या वाक्याशी आम्ही ते मनात ताडून पाहिले. चौतीस वर्षे मास्तरकी केली ती आम्ही, आणि चुकलेल्याशी कसे बोलावे हे ठाऊक होते त्यास.

घरांतून राउटर हा केवळ जोडपट्टी म्हणून वापरणारे आमच्यासारखे अनेक असतील, त्यांच्यासाठी सांगतो. राउटर स्वतःच पत्ते वाटतो. त्याची ती सवय आधी बंद करावी लागते, नाहीतर तो शेजाऱ्याच्या पंगतीत शिरून वाढू लागतो. नातवाने पेटी काढली, लांब केबल लावली, बाराही संगणक तीन वेळा चालू करून पाहिले. शिवाय त्याने सर्व्हरवरील मांडणीत आयपी-अपेंड नावाची एक ओळ घातली. तिच्यायोगे पहिल्याने मिळालेला पत्ता गाभ्यास आयता कळतो व त्यास दुसऱ्यांदा मागावे लागत नाही. आम्ही सर्व नोंदवहीत उतरवले.

रात्री पंक्तीस बसल्यावर आम्ही सर्वांसमक्ष सांगितले की सकाळचा बिघाड आमच्या हातचा होता, आणि सकाळी आम्ही जे बोललो ते खोटे होते व अन्यायाचे होते. आमच्या घरात वडीलधाऱ्यांनी लहानांपुढे असे काही बोलण्याचा प्रघात नाही. क्षणभर कोणी घास उचलला नाही. नातू म्हणाला, "जाऊ दे आजोबा." आम्ही म्हटले, जाऊ देता येत नाही, जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच परत घेतले पाहिजे.

त्याप्रमाणे रविवारी, २९ ऑक्टोबरास, त्याच मंडळींस पुन्हा बोलावले. संगणक चालू करण्याआधी आम्ही उभे राहून घडलेली हकीगत सांगितली व तो राउटर सर्वांस दाखवला. एका धिटुकल्या मुलीने विचारले, "मग मास्तर, तुम्हाला कोण रागावलं?" सर्व हसले, आम्हीही हसलो, पण त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मग नातवाने बटणे दाबली. बाराही पडदे उजळले आणि मुले खुर्च्यांवर तुटून पडली. गर्दी ओसरल्यावर पुतण्या स्विचपाशी उभा राहून केबली पाहत होता. आम्ही ओसरीवर होतो. त्याचा आवाज कानी आला. "हे सगळं एकाच मशीनवरून चालतं होय? कसं काय?" आणि नातू त्यास पहिल्या उंबरठ्यापासून सांगू लागला. आम्ही आत गेलो नाही.

पुढे त्याने येथेच पदविकेच्या वर्गात नाव घातले. अभ्यास बरा चालला आहे, फार उत्तम म्हणता येणार नाही. अभ्यासिका सकाळी सात वाजता उघडते. संगणकांपैकी दोन वयोमानाने कायमचे बंद पडले, दहा चालू आहेत. नोंदवहीत बिघाडांचे एक पान आखले आहे: तारीख, लक्षण, काय बदलून पाहिले, कारण. पहिल्याच ओळीत २४ ऑक्टोबर २०२३ ही तारीख आहे, आणि कारणाच्या रकान्यात आमच्या अक्षरात लिहिले आहे: केबल आखूड पडली, विचारले नाही.